बाटलीतली साखर



या वेळचा विषय संपादक काकूंना फोनवर सांगितला तेव्हा पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "बिअर? बडोद्यात?" म्हटलं, काकू, आधी वाचा तरी. त्यांनी वाचलं आणि जाऊ दिलं, म्हणून तुम्ही हे वाचताय.

झालं असं, की गेल्या एप्रिलमध्ये एका रात्री साडेअकराला धाकट्या मामेभावाचा फोन आला. तो इथे इंजिनिअरिंगला आहे, फतेगंजला तिघे मित्र मिळून फ्लॅट घेऊन राहतात. "दादा, कपाटात काहीतरी फुटलं," एवढंच म्हणाला. मागे कुणीतरी गुजरातीत ओरडत होतं. मला वाटलं इन्व्हर्टरची बॅटरी. मग हळूच म्हणाला, "दादा, जिंजर बिअर होती. तू अमेरिकेत करायचास ना, म्हणून तुला केला फोन. पप्पांना सांगू नको."

व्हिडिओ बघून पठ्ठ्याने घरी जिंजर बिअर केली होती. आलं किसून, लिंबू पिळून, लिटरला शंभर ग्रॅम साखर आणि वर चिमूटभर पावाचं यीस्ट. एक दिवस पातेल्यात झाकून ठेवलं, चाखून बघितलं, छान गोड लागलं, म्हणून क्लिपच्या झाकणाच्या सहा काचेच्या बाटल्यांत भरून कपड्यांच्या कपाटात ठेवून दिलं. फ्रिजमध्ये पाणी ठेवायला मिळतात ना, त्या दिसायला सुंदर बाटल्या. चौथ्या रात्री पहिली फुटली. कपाटाच्या दाराच्या प्लायवुडमध्ये काचेचा तुकडा रुतला होता. रूममेट आवाज ऐकून अनवाणी धावला, त्याच्या तळपायाला तीन टाके पडले. बाटली फुटली तेव्हा कपाट उघडं असतं आणि समोर कुणी शर्ट शोधत असतं तर काय झालं असतं, हे मी त्या रात्री तिघांनाही बोलून दाखवलं नाही. त्यांच्या तोंडावर दिसतच होतं.

आता मी अमेरिकेत काय करायचो ते सांगतो, कारण घरात माझ्याबद्दल बऱ्याच अफवा आहेत.

२०१४ ते २०१७ मी शिकागोजवळ ऑनसाइट होतो. आम्ही तिघे रूममेट, एक नागपूरचा, एक विजयवाड्याचा आणि मी बडोदेकर. हिवाळा लांब, टीव्ही छोटा. नागपूरकराने कुठूनतरी घरी बिअर करायचा संच आणला. तिथे ते कायदेशीर आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यापासून, घरात एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन बिअर स्वतःपुरती, करमुक्त करता येते. विकायची नाही. ही सूट आंबवलेल्या बिअरला आहे, भट्टी लावून गाळलेल्या दारूला नाही, हेही लक्षात ठेवा.

कृती ऐकायला सोपी आहे. लहानपणी आपल्याला नाचणीचं सत्व भरवलेलं असतं. नाचणीला मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे. जवाला म्हणजे बार्लीला तसेच मोड आणून भट्टीत वाळवले की झालं माल्ट. ते भरडून गरम पाण्यात तासभर ठेवलं की मोडातली पाचकं पिठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून, हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट घालायचं, बंद बादलीत दोन आठवडे ठेवायचं. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी टाकतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. मग बाटलीत भरताना थोडी मोजकी साखर घालायची, म्हणजे बंद बाटलीत थोडा वायू तयार होऊन फेस येतो. बस.

एवढ्याशा कामात आम्ही पहिले तीन घाणे वाया घालवले.

पहिला घाणा माझ्या घाईने गेला. वीस लिटर उकळतं पाणी गार व्हायला किती वेळ लागतो याचा मला अंदाज नव्हता. आई विरजण लावताना दुधात करंगळी बुडवून बघते, तसं मी भांड्याला बाहेरून हात लावला आणि "झालं कोमट" म्हणून यीस्ट ओतलं. बाहेरून कोमट लागलेलं भांडं आत बऱ्यापैकी कढत होतं. यीस्ट चाळीस अंशांच्या वर गेलं की आजारी पडतं आणि पन्नासच्या आसपास मरतं. तीन दिवस बादलीत एक बुडबुडा नाही. चौथ्या दिवशी बुडबुडे आले म्हणून आम्ही नाचलो, पण ते आमच्या यीस्टचे नव्हते. ओसाड घरात कुणीतरी दुसरंच राहायला आलं होतं. वास आला तो शिळ्या ढोकळ्याच्या पिठाचा.

दुसऱ्या वेळी पंचवीस डॉलरचा थर्मामीटर आणला आणि बादली मात्र भांड्यांच्या साबणाने, तारेच्या घासणीने घासली. स्वच्छ दिसणं आणि निर्जंतुक असणं यात फरक आहे हे मला बीईच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, पण आजीला माहीत होतं. लोणच्याची बरणी धुऊन, कडक उन्हात वाळवून, वर हिंगाची धुरी देऊन मगच ती फोडी भरायची. आणि घासणीचे ओरखडे? प्लॅस्टिकवरच्या प्रत्येक ओरखड्यात जंतूंना कायमची खोली मिळते, तिथे जंतुनाशकही नीट पोचत नाही. महिन्याभराने आमच्याकडे अठरा लिटर व्हिनेगर होतं. उकळण्याआधी काहीही घाण चालते, कारण उकळी सगळं मारते. उकळल्यानंतर जे जे त्या पाण्याला लागेल, चमचा, नळी, झाकण, आपला हात, ते सगळं निर्जंतुक हवं.

तिसरा घाणा जुलैत केला आणि एसीचं बिल वाचवायला बादली गरम खोलीत ठेवली. बाहेर तिशी पार झाली होती, आणि आंबताना बादली स्वतःही तापते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. साध्या एल जातीच्या यीस्टला वीस अंशांच्या आसपासची हवा लागते. त्याहून फार गरम झालं की ते भराभर काम करतं आणि तिखट, नेलपॉलिशसारख्या वासाची द्रव्यं सोडतं. त्यात झाकणावरची एअरलॉक नळी, जिच्यातून वायू बाहेर जातो आणि हवा आत येत नाही, ती फेसाने आणि हॉप्सच्या चोथ्याने बुजली. पहाटे झाकण उडालं. छतावर हिरवट-तपकिरी नक्षी उमटली, आणि फ्लॅट सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे गेले ते वेगळेच. हांडव्याचं पीठ उन्हाळ्यात छोट्या पातेल्यात भिजवून घट्ट झाकण ठेवणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. जागा मोकळी ठेवायची आणि फेस जोरात असेल तोवर बारीक नळीऐवजी जाड नळी लावून तिचं तोंड पाण्याच्या बाटलीत सोडायचं.

बाकीच्या चुका बारीकसारीक. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवलं नाही तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटल्या उन्हात राहिल्या तर प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं बिघडून स्कंक नावाच्या प्राण्यासारखी दुर्गंधी येते, तपकिरी बाटल्यांची पद्धत त्यामुळेच.

चौथा घाणा जमला. नागपूरकराने त्याला 'संत्रा' नाव दिलं, संत्र्याचा त्यात काही संबंध नसताना. तो जमला याचं श्रेय मी एका काचेच्या कांडीला देतो, आणि त्या कांडीमुळेच मी फतेगंजला जाताना घाबरलो होतो.

तिला हायड्रोमीटर म्हणतात. दूधवाल्याकडे लॅक्टोमीटर असतो तसाच. द्रवात सोडला की तरंगतो, साखर जास्त असेल तर वर राहतो, कमी झाली की खाली जातो. सुरुवातीला आकडा समजा १.०५० आला, दोन आठवड्यांनी १.०१२ आला, आणि सलग तीन दिवस तो १.०१२ च राहिला, म्हणजे यीस्टचं जेवण आटोपलं. मगच बाटल्या भरायच्या. बुडबुडे थांबले म्हणून नाही, चव बरी लागली म्हणून नाही, शनिवार आला म्हणून तर नाहीच. घरी बिअर करणाऱ्यांमध्ये बाटल्या फुटण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच, की आत अजून साखर शिल्लक असताना झाकण लावलेलं असतं.

आता हिशेब करू, सॉफ्टवेअरवाला आहे, सवय जात नाही. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभर पेयाला छान फेस यायला आठ-दहा ग्रॅम साखर पुरते. त्या वायूचा बाटलीतला दाब उन्हाळ्यात साधारण गाडीच्या टायरमधल्या हवेच्या आसपास असतो. आमच्या भावाने बाटलीत कोंडली शंभर ग्रॅमच्या जवळपास. एका दिवसात यीस्टने त्यातली फारशी खाल्लीच नव्हती, म्हणून तर ते गोड लागलं. ती सगळी आंबली असती तर एक लिटरच्या बाटलीत पंचवीस लिटर वायू. म्हणजे टायरच्या दहापटीच्या घरात दाब, पातळ शोभेच्या काचेत, बडोद्याच्या एप्रिलमध्ये, पंखा नसलेल्या कपाटात. बाटली तेवढं थांबत नाही, त्याआधीच फुटते. तो गोडवाच धोक्याची खूण होता आणि त्याने ती शाबासकी समजली.

त्याच हिशेबाची दुसरी बाजू त्याला मी त्याच रात्री सांगितली. शंभर ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर लिटरमागे पन्नास ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल, म्हणजे सहा टक्क्यांच्या वर. दुकानातल्या साध्या बिअरपेक्षा जास्त. "पण दादा, जिंजर बिअर तर सॉफ्ट ड्रिंक असते!" असते, कारण कारखान्यात बहुतेक वेळा त्यात वायू वरून भरतात किंवा आंबवणं लवकर थांबवतात. यीस्टला व्हिडिओचं शीर्षक वाचता येत नाही.

आणि आपण गुजरातमध्ये राहतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा मुंबई राज्याचा. १९६० साली दोन राज्यं झाली, दोघांच्या वाट्याला तोच कायदा आला. महाराष्ट्राने परवाने देत देत तो सैल केला, गुजरातने घट्ट ठेवला. म्हणून पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू होऊ शकली, आणि इथे २०२३ च्या डिसेंबरमध्ये फक्त गिफ्ट सिटीपुरती थोडी मोकळीक मिळाली. पुण्यातही परवाना लागतोच, कुणीही उठून बाथरूममध्ये बिअर करू शकत नाही. गुजरातेत २०१७ च्या दुरुस्तीनंतर दारू बनवण्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्यातल्या व्याख्येत बिअर, वाइन, ताडीबरोबर अल्कोहोल असलेले सगळे द्रव येतात. "गंमत म्हणून केलं" असा प्रकार त्यात मला सापडला नाही. मी वकील नाही, पण वाचता येतं. तिसऱ्या वर्षाला असलेल्या, कॅम्पसची वाट बघणाऱ्या मुलाला हे माहीत असायला हवं होतं. माहीत नव्हतं, कारण घरात हा विषय निघाला की आपण सगळे टीव्हीचा आवाज वाढवतो.

त्यात त्याच्या मित्राने एक फाटा काढला होता, की पुढच्या वेळी हे गाळून बघू. तिथे मात्र माझा आवाज चढला. आंबवण्यात मिथेनॉल नगण्य असतं. विषारी दारूच्या मागे बहुतेकदा कारखान्यातलं औद्योगिक मिथेनॉल असतं. २०२२ च्या जुलैत बोटादला तेच झालं, चाळीसहून जास्त माणसं गेली. पण घरच्या गॅसवर अल्कोहोलची वाफ करणं म्हणजे पेटत्या शेगडीशेजारी पेट्रोल ओतणं आहे, आणि गाळून नेमकं काय हाती येतंय हे घरी कळायला मार्ग नाही. ते कुठल्याच देशात, कुठल्याच बेसमेंटमध्ये करू नका.

तर त्या रात्री. फोनवर मी सांगितलं, सगळे खोलीबाहेर व्हा, कपाटाला हात लावू नका, खोलीचा एसी अठरावर करून दार लावून घ्या. थंडीत वायू द्रवात जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. मी हेल्मेट, बायकोचे ओव्हनचे हातमोजे, माझं शिकागोचं जाड जॅकेट आणि एक गोधडी घेऊन स्कूटरवर निघालो. एप्रिलच्या रात्री जॅकेट घातलेला माणूस बघून सोसायटीच्या वॉचमनने नाव लिहून घेतलं. दोन तास बसून राहिलो. मग हेल्मेटची काच खाली करून, उरलेल्या पाच बाटल्या एकेक करून ओल्या गोधडीत गुंडाळल्या, बाथरूममध्ये नेल्या आणि क्लिप कणाकणाने सोडली. प्रत्येक वेळी पिचकारी छतापर्यंत. बाथरूमला आल्याचा असा घमघमाट सुटला की पहाटे तिघांनाही चहाची तलफ आली. सगळं मोरीत गेलं. कुणी चाखलं नाही, मी उभाच होतो.

तुमच्यातले बरेच जण शिकायला बाहेर जाणार आहात. जिथे परवानगी आहे आणि तुमचं वय तिथल्या कायद्यात बसतं, तिथे हा छंद वाईट नाही. थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि बिअरच्याच जाड बाटल्या, एवढ्यावर पैसे वाचवू नका. आंबायला ठेवलेली बादली बंद खोलीत शेजारी घेऊन झोपू नका, वायू जमिनीलगत साठतो. आणि इथे बडोद्यात असाल तर आंबवण्याची हौस भागवायला स्वयंपाकघरात कमी जागा नाही. आंबोळी आहे, नाचणीची आंबील आहे, खाटा ढोकळा आहे. आमच्या शेजारच्या पंजाबी काकू जानेवारीत गाजर-बिटाची कांजी घालतात, मोहरीची पूड, मीठ, पाणी, चार-पाच दिवस ऊन. तिच्यात मुख्य काम दह्यातल्यासारख्या जिवाणूंचं, वेगळ्या यीस्टचं पाकीट लागत नाही. पण तिथेही बरणीला फडकं बांधायचं, घट्ट झाकण नाही. वायू कुणाचाही असो, त्याला वाट लागते.

एक गोष्ट मला राहून राहून खटकत होती. मामाची सगळी नोकरी इथल्या एका औषध कंपनीच्या फर्मेंटेशन विभागात गेली. बडोद्याला हे काही नवं नाही. अलेंबिक १९०७ साली इथे सुरू झाली ती टिंक्चर आणि अल्कोहोल बनवायला, तिच्या नावाचा अर्थच मुळी अर्क काढायचं भांडं. साठच्या दशकात तिथे पेनिसिलीन होऊ लागलं, तेही मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवूनच. म्हणजे तापमान, दाब, जंतुसंसर्ग यात ज्याचे केस पिकले तो माणूस मुलाच्या घरात होता, आणि मुलगा विचारायला गेला अनोळखी व्हिडिओला आणि मग मला. मामाला विचारायची सोयच नव्हती, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मामा कडक आहे.

पण मामा हे मासिक वाचतो, पहिल्या पानापासून वाढदिवसांच्या यादीपर्यंत. म्हणून माझी अट होती, मी लिहिणार, पण त्याआधी तू स्वतः त्याला सांगायचंस. त्याने तीन आठवडे घेतले. शेवटी एका रविवारी माझ्या घरून फोन लावला, स्पीकरवर, मी शेजारी. सगळं सांगून झाल्यावर पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मग मामा म्हणाला, "मित्राचा पाय कसा आहे?"

"बरा आहे पप्पा. टाके निघाले."

"बाकीच्या बाटल्या कुणी उघडल्या?"

"दादाने."

"डोळ्यांना काही होतं का त्याच्या?"

"हेल्मेट होतं."

"हं." परत पंखा. "साखर किती घातली होतीस?"

"लिटरला शंभर ग्रॅम."

"शंभर!" मामा म्हणाला, आणि मग बाजूला वळून मामीला, "अगं, ऐकलंस का, शंभर ग्रॅम घातली गाढवाने." आणि पुढचा पाऊण तास त्याला फोनवर टाकीचा दाब कसा मोजतात ते समजावत बसला. मी मध्ये उठून चहा टाकला.